फॉर्म्युला वन : हवा, नियम आणि नऊ मिलिमीटरची फळी

२२ नोव्हेंबर २०२५ ची लास वेगासची रात्र. आपल्याकडे रविवारची सकाळ होती, नाश्त्याच्या वेळेला बऱ्याच जणांनी शर्यत पाहिली असेल. मॅक्लारेनचा लँडो नॉरिस दुसरा आला, त्याचा साथीदार ऑस्कर पियास्त्री चौथा. बक्षीस समारंभ झाला, फोटो झाले. आणि काही तासांनी दोघांचीही नावं निकालपत्रातून काढली गेली. कारण काय, तर गाडीच्या पोटाखाली बसवलेली एक फळी जास्त झिजली होती. नियम म्हणतो, जाडी किमान ९ मिलिमीटर हवी. नॉरिसच्या गाडीवर एका जागी ती ८.८८ भरली. म्हणजे ०.१२ मिलिमीटर कमी. आपल्या केसाची जाडी साधारण एवढीच असते.

त्या ०.१२ मिलिमीटरपायी नॉरिसचे १८ गुण गेले. पुढे ७ डिसेंबरला अबू धाबीत विजेतेपदाचा निकाल लागला तेव्हा नॉरिस ४२३ आणि मॅक्स व्हर्स्टॅपन ४२१. दोन गुणांनी वाचला! उलटं झालं असतं तर एका फळीनं विश्वविजेता बदलला, असंच लोक आयुष्यभर म्हणत राहिले असते.

दोघांना बाद करणाऱ्या स्टुअर्डांनी लिहून ठेवलंय की चूक जाणूनबुजून केलेली नव्हती. सरावाचा वेळ तुकड्यातुकड्यांत गेला, पावसानं खोळंबा केला, गाडी अपेक्षेपेक्षा जास्त उसळली, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. पण नियमात हेतूला जागा नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं तेव्हा आपण सगळे हळहळलो, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की कुस्तीत वजन आधी होतं, इथं शर्यत संपल्यावर.

मग ही फळी आहे कशाला? ते समजायचं तर आधी गाडीखालची हवा समजून घ्यावी लागते.

पोटाखालची हवा

दुचाकीवरून जाताना शेजारून एसटी किंवा मोठा ट्रक वेगानं गेला की गाडी त्याच्याकडे ओढल्यासारखी होते. दोन वाहनांमधल्या अरुंद जागेतून हवा जोरात पळते, तिथला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपल्याला आत ढकलते. फॉर्म्युला गाडीच्या तळाशी हेच घडवून आणतात. गाडी रस्त्याच्या जितकी जवळ, तितकी खालची फट अरुंद, हवा तितकी वेगवान आणि गाडी तितकी जमिनीला चिकटते. यालाच डाउनफोर्स म्हणतात. पुढचे-मागचे पंख आपल्याला दिसतात म्हणून सगळं श्रेय त्यांना जातं, पण मोठं काम न दिसणारा तळ करतो.

हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे तो गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त असतो. त्यामुळे वळणावर ब्रेक कमी, वेग जास्त. प्रत्येक इंजिनिअरला गाडी आणखी दोन मिलिमीटर खाली आणायचा मोह होतो तो यामुळेच.

धोकाही तिथंच आहे. तळ रस्त्याला टेकला किंवा एखाद्या उंचवट्यानं गाडी उचलली गेली की खालची हवा तुटते, चिकटपणा एका क्षणात जातो आणि ताशी तीनशेच्या वेगातली गाडी कुणाच्याच हातात राहत नाही. १९९४ मध्ये इमोला इथं रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना लागोपाठच्या दोन दिवसांत गेले. त्यानंतर गाड्यांचा वेग आवरण्यासाठी जे नियम घाईघाईनं आले त्यात ही फळी होती. १० मिलिमीटर जाडीची फळी तळाला बसवायची. गाडी फार खाली ठेवलीत तर ती घासून झिजणार आणि शर्यतीनंतर मापात सापडणार. न बोलता साक्ष देणारी साक्षीदारच म्हणा ना. त्याच वर्षी बेल्जियममध्ये मायकेल शूमाकर जिंकला आणि फळीपायी बाद झाला. गाडी कर्बवरून घसरली तेव्हा फळी खराब झाली, असं बेनेटनचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही.

थांबलेली गाडी आणि धावणारी गाडी

फळी यायच्या आधी उंची मोजायची पद्धत साधी होती : गाडी उभी करा आणि खाली मोजपट्टी घाला. त्यातून काय झालं ते १९८१ साली दिसलं.

थोडं मागे जाऊ. १९७० च्या दशकाच्या शेवटी कॉलिन चॅपमन यांच्या लोटसनं गाडीच्या दोन्ही बाजूंना उलट्या पंखाच्या आकाराचे बोगदे केले आणि कडेनं जमिनीला घासत जाणारे स्कर्ट लावले. हवा आत कोंडली गेली. लोटस ७९ घेऊन मारिओ आंद्रेती १९७८ चा विश्वविजेता झाला. त्याच वर्षी ब्रॅबमच्या गॉर्डन मरे यांनी वेगळीच वाट काढली. गाडीच्या मागं भलामोठा पंखा लावला आणि तळाखालची हवा थेट ओढून घेतली. हलणारी एअरोडायनॅमिक साधनं नियमानं बंद होती. पण हा पंखा मुख्यतः इंजिन थंड ठेवायला आहे, असं ब्रॅबमनं सांगितलं आणि कागदावर ते खोडून काढणं सोपं नव्हतं. स्वीडनमध्ये निकी लाउडा ती गाडी घेऊन उतरला आणि जिंकला. इतर संघ खवळले. ब्रॅबमनं गाडी मागं घेतली, ती पुन्हा कधी शर्यतीत धावली नाही. तो विजय मात्र नोंदीत आजही कायम आहे.

१९८१ ला नियम आला : सरकते स्कर्ट बंद आणि गाडी जमिनीपासून ६ सेंटिमीटर वर हवी. पुन्हा मरेच पुढं. माप पिटमध्ये, उभ्या गाडीवर घेतलं जाणार हे त्यांनी नेमकं हेरलं. चाकांवर हवा आणि तेलाच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन बसवलं. उभी गाडी ६ सेंटिमीटर वर. धावायला लागली की डाउनफोर्स तिला खाली दाबायचा, ती दबूनच राहायची आणि पिटमध्ये परत येताना हळूहळू वर यायची. मोजपट्टीवाल्यांना सगळं नियमात दिसायचं. नेल्सन पिके अर्जेंटिनात या गाडीवर जिंकला आणि वर्षअखेरीस ५० विरुद्ध ४९ अशा एका गुणानं विश्वविजेता झाला.

याला लबाडी म्हणायचं की हुशारी, यावर आजही दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर नियम लिहिणाऱ्यांची चूक मोठी होती. धावणाऱ्या गाडीला लावायचा नियम त्यांनी उभ्या गाडीवर मोजला. १९८३ पासून तळ सपाट ठेवणं सक्तीचं झालं तेव्हा कुठं तो खेळ थांबला.

पायरीची फट

नियमातल्या शब्दांवर उभी राहिलेली सगळ्यात गाजलेली गाडी मात्र २००९ ची. होंडानं फॉर्म्युला वन सोडलं आणि संघ रॉस ब्रॉन यांच्या हवाली केला, किंमत नावापुरती एक पाउंड. त्या वर्षी ओव्हरटेकिंग वाढावं म्हणून डाउनफोर्स जवळपास निम्म्यावर आणायचा बेत होता. डिफ्यूझर, म्हणजे तळाचा मागं वर चढत जाणारा भाग, लहान केला गेला.

तेव्हाच्या नियमात तळाला दोन पातळ्या होत्या. मधला भाग खाली, बाजूचे भाग ५ सेंटिमीटर वर. घराच्या पायरीसारखं. खालून सरळ वर पाहिलं तर तळाला कुठं भोक दिसता कामा नये, अशी अट होती. आता पायरी वरून बघा किंवा खालून बघा, तिचा उभा भाग दिसतच नाही. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तिघांनी त्या उभ्या भागात फट ठेवली. तिथून हवा वरच्या दुसऱ्या कप्प्यात जायची आणि एकावर एक असे दोन डिफ्यूझर तयार व्हायचे. खालून पाहणाऱ्याला भोक दिसत नाही, म्हणजे भोक नाही!

मेलबर्नमध्ये फेरारी, रेनॉ आणि रेड बुल यांनी तक्रार केली. स्टुअर्डांनी ती फेटाळली. प्रकरण पॅरिसच्या अपील न्यायालयात गेलं आणि १५ एप्रिल २००९ ला निकाल आला : गाडी नियमात बसते. तोवर जेन्सन बटन झालेल्या दोन्ही शर्यती जिंकून बसला होता. पहिल्या सातपैकी सहा त्यानं घेतल्या. मागून सगळ्यांनी दुहेरी डिफ्यूझर बनवले, पण दोन्ही विजेतेपदं ब्रॉनकडे गेली. २०११ पासून ही रचना बंद झाली.

हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू काय होता हा प्रश्न तिथं टिकला नाही. शब्द काय आहेत एवढंच पाहिलं गेलं.

वाकणारे पंख

गाडीचे एअरोडायनॅमिक भाग घट्ट बसवलेले आणि अचल असावेत, असं नियम सांगतो. गंमत म्हणजे जगात पूर्ण ताठ अशी वस्तूच नसते. कार्बन फायबरचा पंखही वाकतो. म्हणून मग चाचणी ठरते : एवढं वजन लावा, एवढ्यापेक्षा जास्त वाकला तर बाद. चाचणी ठरली की संघ पंख असा बनवतात की तेवढ्या वजनाला तो गपगुमान उभा राहील आणि खऱ्या वेगात, जिथं जोर कैकपट असतो, हवा तसा झुकेल. सरळ रस्त्यावर झुकला तर हवेचा अडथळा कमी आणि वेग जास्त. वळणावर पुन्हा जागेवर.

कार्बन फायबरचे थर कोणत्या दिशेनं घालायचे यावर पंख कुठं वाकेल आणि कुठं पिळला जाईल ते ठरतं, त्यामुळे हे काम दिसतं त्यापेक्षा पुष्कळ बारीक आहे. २०२४ ला बाकूत पियास्त्रीच्या गाडीचा मागचा पंख कॅमेऱ्यात सापडला. वेगात वरच्या पट्टीची पुढची कड किंचित उचलली जायची आणि फट उघडायची. पंखानं चाचण्या पास केल्या होत्या. विजय राहिला, पण मॅक्लारेननं पंख बदलायचं कबूल केलं. त्यानंतर २०२५ च्या मोसमात स्पेनच्या शर्यतीपासून पुढच्या पंखाची चाचणी कडक झाली. दोन्ही बाजूंना १००० न्यूटन, म्हणजे सुमारे शंभर किलोंचा जोर लावल्यावर आधी १५ मिलिमीटर वाकायची मुभा होती, ती १० वर आली.

स्पेननंतर सगळा क्रम उलटापालटा होईल, असं पॅडॉकमध्ये बरेच जण म्हणत होते. तसं काही झालं नाही. तिथली शर्यत पियास्त्रीनंच जिंकली.

उसळणाऱ्या गाड्या

२०२२ ला जमिनीखालच्या बोगद्यांना चाळीस वर्षांनी परवानगी मिळाली. मागच्या गाडीला पुढच्या गाडीची ढवळलेली हवा कमी लागावी म्हणजे जवळून पाठलाग करता येईल, हा हेतू. पण गाडी वेगात खाली ओढली जायची, तळ रस्त्याला टेकायला आला की हवा तुटायची, गाडी वर उडायची आणि पुन्हा खाली. सेकंदाला कित्येकदा. बाकूत लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून कसाबसा उतरला ते दृश्य अनेकांना आठवत असेल.

एफआयएनं मग उसळीचंच माप ठरवलं आणि मर्यादा घातली. २०२३ ला तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर नेल्या. उसळी कमी झाली, संपली नाही. आणि गाडी उसळली की फळी घासते. २०२३ ला ऑस्टिनमध्ये हॅमिल्टन आणि शार्ल लेक्लेर फळीपायीच बाद झाले. त्या दिवशी फळी तपासली होती फक्त चार गाड्यांची. चारपैकी दोन सापडल्या, तर उरलेल्यांत किती असतील, असा प्रश्न लोकांनी विचारला आणि तो रास्तच होता. सगळ्याच गाड्यांचा प्रत्येक भाग दर शर्यतीनंतर उलगडून पाहायला वेळ पुरत नाही, हे त्यावरचं उत्तर. मला ते अर्धंच पटतं.

वजनाचंही तसंच. २०२४ ला बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल एकाच पिट-स्टॉपवर शर्यत जिंकला. इंधन काढून वजन केलं तर गाडी दीड किलोनं कमी. इतके लांब धावलेले टायर झिजून हलके झाले, हे त्यातलं एक कारण मानलं जातं. विजय हॅमिल्टनला मिळाला. २०२५ ला चीनमध्ये तर एकाच शर्यतीत तिघं बाद : लेक्लेर आणि पिएर गास्ली एकेक किलोनं कमी आणि हॅमिल्टनची फळी अर्धा मिलिमीटर कमी.

बाहेरून हे बेफिकिरीसारखं दिसतं. खरं तर उलट आहे. किमान वजनाच्या वर पाच किलो ठेवले, फळीला दोन मिलिमीटर मोकळीक दिली तर कुणी बाद होणार नाही, पण प्रत्येक फेरीला सेकंदाचे काही शतांश जातील. साठेक फेऱ्यांत त्याची बेरीज होते. म्हणून सगळे कडेवर चालतात, आणि कधीतरी एखाद्याचा पाय घसरतो.

२०२६ च्या गाड्या

नव्या नियमांनी पुष्कळ काही पालटलं आहे. गाडी १० सेंटिमीटरनं अरुंद होऊन १९०० मिलिमीटरवर आली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं कमाल अंतर ३६०० वरून ३४०० मिलिमीटर. वजन साधारण ३० किलोनं खाली आणायचं ठरलं. खालचे लांब बोगदे गेले, तळ बराच सपाट झाला. त्यामुळे गाडी अगदी जमिनीला टेकवून चालवायची गरज कमी होईल आणि उसळीही आटोक्यात येईल, असा हिशोब आहे.

सगळ्यात मोठा बदल पंखांचा. १९६९ मध्ये स्पेनला उंच दांड्यांवर बसवलेले पंख मोडून ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांचे अपघात झाले. लगेच मोनॅकोत उंच पंखांवर बंदी आली आणि पंख हलवायचे नाहीत हा दंडक पक्का झाला. २०११ ला डीआरएसच्या रूपानं मागच्या पंखाची एक पट्टी उघडायला मुभा मिळाली, तीही पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल तरच. आता डीआरएस गेलं आणि पुढचा व मागचा असे दोन्ही पंख सगळ्यांनाच ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर चपटे करता येतात. वळण आलं की पुन्हा उभे. इंजिनाची निम्म्याच्या आसपास ताकद आता विजेची आहे, आणि सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा कमी केला नाही तर बॅटरी पुरणार नाही, हे त्यामागचं खरं कारण. पाठलाग करणाऱ्याला आता पंखाऐवजी जादा विजेची मदत मिळते.

मनात येईल तेवढे प्रयोग करून हे सगळं घडवायचीही सोय नाही. विंड टनेलमध्ये ६० टक्के आकाराचंच मॉडेल चालतं, हवेचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर न्यायचा नाही. चाचण्यांचा कोटा गुणतालिकेवर ठरतो : पहिल्या संघाला ७० टक्के, सातव्याला १००, दहाव्याला ११५. खर्चालाही मर्यादा आहे. २०२१ ला ती ओलांडली म्हणून रेड बुलला ७० लाख डॉलर दंड आणि चाचणीच्या कोट्यात १० टक्के कपात झाली. त्या संघाला पैशापेक्षा कपात जास्त झोंबली.

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या वाचकांना यातलं काही ओळखीचं वाटेल. कोइमतूरला भरणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्ये किंवा आयआयटी मुंबईचा संघ जातो त्या ब्रिटनमधल्या फॉर्म्युला स्टुडंटमध्ये गाडी धावायच्या आधी तांत्रिक तपासणीतून जावी लागते. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात पंखाला २०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा, पसरून जोर लावला तर तो १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये. गाडी कलत्या टेबलावर ६० अंशांत तिरकी करतात, तेव्हा ती उलटायला नको आणि तेलाचा थेंबही गळायला नको. वर्षभर वर्कशॉपमध्ये राबून बनवलेली गाडी या टेबलावर अडली की ट्रॅकवर जाताच येत नाही. तिथं परीक्षकांशी वाद घालून उपयोग नसतो. स्पॅनर हातात घ्यायचा आणि दुरुस्त करून पुन्हा रांगेत लागायचं.

आणि फळी? ती २०२६ च्या गाडीखालीही आहे. शर्यत संपली की तिची जाडी आजही मोजतात.